प्रतिसाद: बाल्कनीतला सेन्सर आणि सरकारी आकडा

वर एकांनी लिहिलंय की त्यांच्या बाल्कनीतला, हवेतली बारीक धूळ (पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) मोजणारा सेन्सर १४० दाखवतो आणि जवळचं सरकारी केंद्र ९०, म्हणजे आकडे लपवले जातात. फरक खरा असेल, पण त्यावरून हा निष्कर्ष काढू नये असं मला मनापासून वाटतं.

हवेच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानकांच्या १८ नोव्हेंबर २००९च्या सरकारी अधिसूचनेत १२ प्रदूषकांच्या मर्यादांसोबत मोजायच्या पद्धतीही दिल्या आहेत. पीएम २.५साठी गाळणी कागदाचं वजन हवा ओढण्याआधी आणि नंतर करायचं, किंवा कागदावर साचलेल्या धुळीतून बीटा किरण किती अडतात ते मोजायचं. दोन्हींत शेवटी मोजलं जातं ते वस्तुमान. घरगुती सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वस्तुमानाचा अंदाज बांधतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा चढतो. मुंबई-कोकणातल्यांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं. बीटा यंत्रात हवा आत घेताना तापवून ओलावा कमी करतात.

तरीही तो सेन्सर फेकू नका. शेजारी कचरा जाळला की लगेच दिसणारा चढ तो छान पकडतो. शक्य असेल तर काही दिवस तो सरकारी केंद्राजवळ ठेवून दोन्हींच्या २४ तासांच्या सरासऱ्या ताडून बघा.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांना वर्षात किमान १०४ दिवसांचं मोजमाप पुरतं. उरलेल्या दिवसांची हवाही आपण श्वासात घेतोच ना?