एकुशे फेब्रुवारी: शोकदिन की सण?

नदीकाठ
बांगलादेशात 21 फेब्रुवारी म्हणजे 'एकुशे' (एकवीस), भाषेसाठी मेलेल्यांचा दिवस. ढाक्यात मध्यरात्रीपासूनच त्यांच्या स्मारकावर, शहीद मिनारवर, फुलं वाहायला सुरुवात होते. 1952 साली, ढाका पूर्व पाकिस्तानात असताना, याच दिवशी जमावबंदी मोडणाऱ्या विद्यार्थ्यांवर मेडिकल कॉलेजजवळ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. उर्दूच्या जोडीने बांगलालाही पाकिस्तानची राजभाषा करा, एवढीच त्यांची मागणी. रफीक, बरकत, जब्बार गेले, दुसऱ्या दिवशी शफीउर, आणि जखमी सलाम एप्रिलमध्ये. पहाटेची अनवाणी प्रभातफेरी हा या दिवसाचा आत्मा आहे. आता मात्र दुकानांत आधीपासून काळ्या-पांढऱ्या साड्या नि बांगला अक्षरं छापलेले झब्बे लागतात, मिनारपाशी सेल्फी निघतात. नटायला, पांताभात-इलिश (पाण्यात भिजवलेला शिळा भात नि मासा) खायला पहेला बैशाख, म्हणजे बंगाली नववर्ष, आहेच ना? शोकाच्या दिवसाचा सण होऊ नये असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

सुमेधा
अजिबात पटलं नाही. गोळीबारानंतर विद्यार्थ्यांनी रातोरात उभारलेला पहिला स्तंभ पोलिसांनी 26 फेब्रुवारीला पाडला. पुढे झालेला पक्का मिनार 1971 च्या मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने उद्ध्वस्त केला. लोकांनी तिथे जमू नये म्हणूनच हा खटाटोप होता. मग आज तिथे पाय ठेवायला जागा नसते, याचं वाईट का वाटावं? आणि एकुशेचा पुस्तकमेळा बघा. 1972 मध्ये चित्तरंजन साहांनी बांगला अकादमीच्या आवारात गोणपाट अंथरून थोडी पुस्तकं मांडली. 1971 च्या मुक्तियुद्धाच्या काळात, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यलढ्यात, कोलकात्यात आसरा घेतलेल्या लेखकांची पुस्तकं होती ती. तो मेळा वाढत वाढत 2014 पासून समोरच्या सुहरावर्दी उद्यानात पसरला. भाषेसाठी मेलेल्यांना आणखी काय हवं असेल?
आपल्याकडे 1 मेला हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहिलं जातं आणि बाकी सगळे सुट्टीवर. शोक फक्त सरकारी उरला की असं होतं.

नदीकाठ
सुमेधाताई, मेळ्याला माझा विरोध नाहीच, महिनाभर भरू दे. मी त्या एका पहाटेबद्दल बोलतोय. त्याच देशात 14 डिसेंबरला बुद्धिजीवी दिन पाळतात. 1971 मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या शरणागतीच्या तोंडावर प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून मारले गेले, त्यांची आठवण. ढाक्यातल्या रायेरबाजारच्या वधभूमीवर लोक मुकाट्याने फुलं ठेवतात. दोनच दिवसांनी, 16 तारखेला, विजयदिनाचा जल्लोष करतात. तिथे दोन्ही वेगळं ठेवता येतं, मग एकुशेला का नाही?

जुनावाचक
कारण बंगाल्यांचे सणही तुम्ही समजता तितके निव्वळ मौजेचे नाहीत. ढाक्याच्या रमना बागेतल्या झाडाखाली 'छायानट' या सांस्कृतिक संस्थेने नववर्षाची पहाट गाऊन साजरी करायला सुरुवात केली 1967 मध्ये. त्याच वर्षी पाकिस्तान सरकार रवींद्रसंगीत रेडिओवरून हद्दपार करायला निघालं होतं. 2001 मध्ये त्या कार्यक्रमात बाँब फुटले, 10 माणसं गेली. पुढच्या वर्षी गाणं पुन्हा झालं. याला तुम्ही सण म्हणाल की स्मरण?
एकुशेचंही तसंच. मिनारभोवतीच्या रस्त्यांवर चारुकलेची (कलाशाखेची) मुलं आधीच्या दिवसांत भल्यामोठ्या आलपना, म्हणजे बंगाली रांगोळ्या, रंगवतात. लाल-पांढरी वेलबुट्टी, आणि त्यावरून अनवाणी पावलं. प्रभातफेरीतल्या गाण्याची आजची चाल अल्ताफ महमूद यांची. 1971 च्या ऑगस्टमध्ये लष्कराने त्यांना घरातून नेलं, ते परतले नाहीत. नटून आलेली पोरगी ते गाणं तोंडपाठ म्हणत असेल तर तिच्या साडीवर माझा आक्षेप नाही.

ईशान्येकडून
नोकरीमुळे काही वर्षं सिलचरला होतो, म्हणून लिहितो. आसामात असमिया एकटीच राजभाषा झाली, त्याविरुद्ध बराक खोऱ्यातल्या बंगाली बोलणाऱ्यांनी केलेल्या सत्याग्रहात 19 मे 1961 ला सिलचर स्टेशनवर गोळीबार झाला, 11 जण गेले. त्यांत कमला भट्टाचार्य ही नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली मुलगी होती. बराक खोऱ्याबाहेर किती जणांना हे ठाऊक आहे? तिथे मेळा नाही, झब्बे नाहीत, नदीकाठ म्हणतात तसा शांत शोक आहे. आणि देश विसरलाय. मी सुमेधाताईंच्या बाजूने.

नदीकाठ
सिलचरचा मुद्दा बिनतोड आहे. पण विसर पडायला शांतता कारणीभूत नाही. एकुशेच्या मागे एक अख्खं राष्ट्र उभं राहिलं, बराकच्या मागे कोणी नाही.

डोंगरवाट
तुमचा वाद साडी नि सेल्फीवर अडकलाय. युनेस्कोने 1999 मध्ये हा दिवस सगळ्यांच्याच मातृभाषांचा केला. पण बांगलादेशातल्याच चितगावच्या डोंगरातल्या चाकमा, मारमा या आदिवासी मुलांचं काय? 1972 च्या राज्यघटनेत सगळ्या नागरिकांना बंगाली ठरवलं, तेव्हा चाकमा नेते मानवेंद्र नारायण लारमा संविधानसभेत उभे राहिले, आम्ही बंगाली नाही म्हणाले. कोणी ऐकलं नाही. चाकमा, मारमा, त्रिपुरा, गारो, सादरी या भाषांत पहिली सरकारी पाठ्यपुस्तकं 2017 मध्ये आली, तीही खालच्या वर्गांपुरती, आणि ती शिकवायला शिक्षकांची वानवा. शोक करा नाहीतर सण करा, त्या मुलांना मिनारपाशी काय सांगणार ते आधी बोला.