मदत हवी आहे: सागवानी दागिन्यांच्या पेटीचं दार, पॅनलला खाचेत किती जागा सोडू?

धानबांधी:
नमस्कार मंडळी. आईसाठी दागिन्यांची छोटी पेटी बनवून राहिली आहे. वरून झाकण उघडणारी नाही, उभी, समोर पॅनलचं दार, आत पोत न् एकदाणी लटकवायला पितळी हुक आणि खाली दोन ड्रॉवर. आजपर्यंत सगळं एका स्टीलच्या डब्यात राहते, पोतीचे काळे मणी एकदाणीत अडकतात आणि लग्नाला निघायच्या वेळेवर आई सुई घेऊन गुंता सोडवत बसते, म्हणून लटकवायचीच पेटी पाहिजे.

लाकूड घरचंच आहे. घरकुलाच्या वेळी जुन्या घराची माडी उतरवली, तिच्या दाराच्या सागवानी फळ्या कोठ्यात ठेवल्या होत्या. वरून काळ्याकुट्ट, पण रंधा मारला तर आतून तांबूस सोनेरी निघाल्या, सागाचा वासही अजून तसाच.

पेटी १२ इंच उंच, ९ इंच रुंद, ५ इंच खोल. दाराची चौकट दीड इंच रुंद पट्टीची, पाऊण इंच जाड, तिच्यात आतून ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल खाच आणि खाचेत पॅनल. आता मेन प्रश्न. आमच्या गावचे मिस्त्री काका म्हणतात की एवढं जुनं लाकूड आहे, जे हलायचं ते हलून झालं, चारही बाजूनं फेविकॉल भर आणि ठोकून टाक. काकांचा हात चांगला आहे, गावातले कितीतरी दरवाजे त्यांचेच, पण आमच्या देव्हाऱ्याचं दार जुन्याच सागाचं आहे आणि तेही श्रावणात अडकते न् उन्हाळ्यात सैल होते, त्यामुळे मन मानत नाही. व्हिडिओत परदेशातले लोक खाचेत रबराचे छोटे गोळे टाकतात, ते इकडे कुठून आणू? आमचा भाग ब्रह्मपुरीकडचा, सध्या ४५ च्या वर ऊन आहे, आणि जोडणी याच महिन्यात करायची आहे. किती जागा सोडू? आणि राउटर मशीन नाही, खाच कशी पाडू? करवत, रंधा, पटाश्या, गुण्या आहेत.

गुण्या९०:
ताई सोपा उपाय सांगतो, पॅनलला ६ एमएम प्लाय घ्या, वरून सागाचा विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा). प्लाय फुगत नाही, चारही बाजूनं बिनधास्त चिकटवा. भानगडच नाही.

धानबांधी:
भाऊ, मागच्या बाजूला प्लायच लावणार आहे. पण दार समोर दिसते, ते घरच्याच लाकडाचं पाहिजे. त्या दारातूनच आई नवी नवरी म्हणून घरात आली होती.

पटाशी_वर्धा:
ताई तुम्ही बरोबर आहात, पॅनल चिकटवू नका. लाकूड जुनं झालं म्हणून पाणी ओढायचं थांबत नाही, हवेत दमट आलं की फुगते आणि ऊन लागलं की सुकते, शंभर वर्षानंतरही. मिस्त्री काकांचं एक खरं, जुनं लाकूड पूर्ण सुकलेलं असल्यानं नव्यासारखं वाकत-तडकत नाही. पण फुगणं-आटणं वेगळी गोष्ट आहे.

आता महत्त्वाचं ऐका. तुम्ही मे महिन्यात जोडून राहिल्या, म्हणजे पॅनल आत्ता वर्षातलं सगळ्यात बारीक आहे. इथून पुढे ते फक्त फुगणार. बहुतेक व्हिडिओत सांगतात की दोन्हीकडे थोडी थोडी जागा ठेवा, आकसायची पण न् फुगायची पण. आपल्याकडे मे मध्ये जोडलं तर सगळी जागा फुगण्यासाठीच ठेवायची. हेच काम ऑगस्टमध्ये केलं असतं तर पॅनल खाचेत जवळपास भिडवूनच बसवलं असतं.

हिशोब असा. सागवान इतर लाकडापेक्षा कमी हलते, तरी साडेसहा इंचाचं पॅनल उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दोन-अडीच मिलिमीटर फुगू शकते. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणून दोन्ही उभ्या बाजूला खाचेच्या तळाशी अर्धा-अर्धा सूत मोकळा सोडा. चौकटीतलं मोकळं माप ६ इंच असेल तर पॅनल ६ इंच ५ सूत रुंद कापा. उंचीकडे, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या लांबीकडे, लाकूड हलल्यात जमा नाही, तिथे बसण्यापुरती ढील पुरे.

पॅनल आत खडखडू नये म्हणून वरच्या आणि खालच्या पट्टीत बरोबर मधोमध एकेक थेंब फेविकॉल, फक्त मधोमध. मग ते दोन्हीकडे सारखं फुगेल. रबराचे गोळे नकोच, रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते, आईचे जोडवे न् पायपट्ट्या त्यातच राहणार न?

आणि पॅनलला जोडायच्या आधीच पॉलिश करून घ्या, कडांसकट, फक्त वर-खाली मधोमध त्या थेंबापुरती जागा कोरी ठेवा. कडेला पॉलिश असलं की चौकटीतून निघालेलं फेविकॉल धरत नाही.

धानबांधी:
खूप खूप धन्यवाद भाऊ, मे आणि ऑगस्टचं कोणी असं सांगितलंच नव्हतं. सूतात सांगितलं हे फार बरं केलं, मिस्त्री काकांना तसंच दाखवते. खाचेचं पण सांगा न.

पटाशी_वर्धा:
खाच २ सूत रुंद पाहिजे. तालुक्याला फर्निचरवाल्याकडे टेबलवाली करवत असते, तिचं पातं साधारण ३ एमएमचं, दोनदा फिरवलं की २ सूत होते. पण एक करा, छोटे तुकडे घेऊन जाऊ नका, बोटाला धोका आहे आणि कोणी करूनही देणार नाही. ४ फुटी अख्खी पट्टी न्या, पूर्ण लांबीवर खाच पाडून आणा, मग घरी कापून दोन उभ्या न् दोन आडव्या करा. चारही खाचा एकाच मापाच्या येतात. आडव्यांच्या दोन्ही टोकाला २ सूत जाड, ३ सूत लांब कुसू (खाचेत शिरणारी जीभ) काढा, ते उभ्याच्या त्याच खाचेत बसते, वेगळं भोक पाडायची गरज नाही. एवढ्या हलक्या दाराला हे पुरते.

मशीनवर न्यायच्या आधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. जुन्या दारात तुटलेले खिळे असतातच, पातं उडाले तर जिवावर येते.

पॅनलच्या कडा खाचेत बसतील एवढ्या पातळ उतरवताना आधी वरची-खालची बाजू रंधा, नंतर उभ्या. आडव्या रेषेवर रंधा मारताना टोकाला चिपी निघते, ती नंतरच्या उभ्या घावात साफ होऊन जाते. आणि सागात तेल असते, म्हणून ज्या दिवशी कुसू काढले त्याच दिवशी थिनरनं पुसून फेविकॉल लावा. सकाळी लवकर करा, दुपारच्या उन्हात फेविकॉल लावता लावता सुकते.

नागझिरी:
मधातच बोलते, ताई आतून जवसाचं तेल लावू नका. आपल्याकडे घरोघरी असते म्हणून लोक लावतात, पण बंद पेटीत ते नीट सुकत नाही आणि वास दागिन्याला लागते. आतून चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात मारा. बाहेरून तेल लावलं तर तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, मोकळ्या पसरून सुकवा.

बिजागरीचे पितळी स्क्रू पण डायरेक्ट सागात पिळू नका, मुंडी तुटते. आधी छिद्र पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, मग पितळीला साबण लावून बसवा.

आणि खरी गोष्ट, १२ इंच उंची पुरेल का? त्यात खाली दोन ड्रॉवर. लाकूड कापायच्या आधी आईची सगळ्यात लांब पोत खिळ्याला लटकवून मोजा.

धानबांधी:
मोजली ताई, १३ इंच खाली येते! बरं झालं, काहीच कापलं नाही अजून. पेटी १८ इंच करते, ड्रॉवर एकच, अडीच इंचाचा. रुंदी तीच ठेवते. मग पॅनलचं माप बदलेल का?

पटाशी_वर्धा:
रुंदी तीच तर ६ इंच ५ सूत तसंच राहू द्या, पॅनलची फक्त उंची ६ इंचानं वाढवा. बिजागऱ्या दोनच्या जागी तीन लावा. पण पट्टी आता ४ फुटी पुरत नाही, ५ फुटी न्या.