लहानपणी वाम (सापासारखा लांब मासा) कुणी पकडलीय का?

नदीकाठचा: आमचं लहानपण मुठेकाठी, खडकवासल्याच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की गांडूळ लावून रात्री गळ टाकायचो, कपारीतनं वाम लागली की हातातून सुळकन निसटायची म्हणून आजी चुलीतली राख पुडीत बांधून द्यायची. हल्ली मिळते का कुणाला?

मुळशीचा_पाव्हणा: राख एकदम बरोबर! पण पाठीवरचे काटे विसरलात का राव? माझा अंगठा दोन दिवस टम्म सुजलेला, वर आई म्हणते बरं झालं 😂

भीमाथडी: वाम वेगळी नि अहिर वेगळी हां, दोन्ही लांब मासेच. वामेचं तोंड सोंडेसारखं टोकदार, पाठीवर काटे. अहिर गुळगुळीत, आणि ती अंडी घालायला समुद्रात जाते, म्हणजे इथनं मुठा, भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागरात. वाटेत उजनी धरण आडवं, खडकवासल्याचं तर १८७९ पासून उभंय, तिची पिल्लं बिचारी परत वर येणार कशी?

नदीकाठचा: मग आमची वामच, काटे होते. वडील माळकरी, त्यामुळे रस्सा अंगणात तीन दगडांच्या चुलीवर व्हायचा, आणि ते बरोब्बर तेव्हाच देवळात जायचे.