भोसरीतल्या लहान शेडला 'स्मार्ट' व्हायला किती खर्च येतो?

लेथवाला
दिवाळीनंतर एक विक्रेता लॅपटॉप घेऊन शेडवर आला. तुमच्या नऊ मशिनी मोबाइलवर दिसतील म्हणाला. दर मशिनीला एक डबी, वर दरमहा भाडं. चहा पाजून त्याची बोळवण केली आणि भाच्याला हाताशी धरलं. साडेचारशेचा ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर), केबलला चिमट्यासारखा बसून करंट मोजणारा सीटी, ऑफिसात धूळ खात पडलेला पीसी. त्यावर आकडे पोचवायला एमक्यूटीटी आणि आलेख दाखवायला नोड-रेड, दोन्ही फुकट.

पहिला चिमटा कंप्रेसरला लावला. शुक्रवारी सकाळी आलेख बघतो तर गुरुवारच्या सुट्टीत ११ किलोवॅटची मोटर रात्रभर उठतेय, बसतेय. शेडला कुलूप, मग हवा कोण पितंय? नळ्यांचे तीन जोड गळत होते. आणि शिफ्ट सुटताना कंप्रेसर बंद करणं हे 'कोणाचं तरी' काम होतं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. एका रात्रीत चाळीसेक युनिटं. नऊ-दहा रुपयांनी गुणा आणि महिन्याच्या रात्री मोजा.

तर माझं मत: दहा-वीस माणसांच्या कारखान्याने तयार पॅकेजच्या नादी लागू नये. बोला.

जुना_फोरमन
कंप्रेसर गळतो हे कळायला चिप कशाला? जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या की शेडमध्ये दोन मिनिटं गप्प उभं राहा. सूंऽऽ ऐकू येतं. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की क्लिप आवळा. आम्ही जन्मभर हेच केलं. आणि भाचा उद्या बेंगळुरूला नोकरीला गेला की तो पीसी कोण बघणार? पॅकेजवाल्याला निदान फोन करून चार शिव्या तरी घालता येतात.

लेथवाला
फोरमनसाहेब, तुमच्यासारखे कान आता पगार देऊनही मिळत नाहीत. आणि रात्री दोन वाजता कुलूपबंद शेडमध्ये कोण उभं राहणार? भाच्याचा मुद्दा मात्र बरोबर. त्याला सगळं वहीत लिहून ठेवायला सांगितलंय, अजून लिहिलेलं नाही.

पॅनेलवाला
साडेचारशेचा हिशेब अर्धवट आहे. डबी, बरा सप्लाय, तार आत घ्यायची ग्लँड, तार धरा, पॉइंटमागे दोन हजार कुठे गेले नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असताना वायफायवर फार विसंबू नका. आरएस-४८५ पद्धतीची पीळ दिलेली जोडतार टाका, १२०० मीटरपर्यंत जाते. त्यावर मॉडबस चालवा, म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची भाषा. १९७९ चा आहे, पण पॅनेलमधल्या बहुतेक डिजिटल एनर्जी मीटरांना अजून तीच भाषा कळते.

पीसीऐवजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेणार असाल तर लाइट गेल्यावर त्याचं एसडी कार्ड खराब होतं, छोटा यूपीएस हवाच. आणि २०२१ नंतर दीड-दोन वर्षं पाय बाजारात धड मिळत नव्हता, काळ्या बाजारात दुप्पट-तिप्पट भाव होता. एकाच बोर्डावर सगळा संसार मांडू नका.

पासवर्ड१२३
खर्चात नेटवरून होणारी चोरी कोणी धरलेली दिसत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले ते कसल्या अफाट हुशारीने नाही. कंपनीतून घालून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. त्या डबड्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर-नेटफ्लिक्ससारख्या साइट आडव्या झाल्या. इथेही ओळखीच्या एका शेडमध्ये गोडाउनचा कॅमेरा, टॅली आणि पोरांचे मोबाइल एकाच राउटरवर. एका सकाळी टॅली उघडेना, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, त्याच पीसीच्या डी ड्राइव्हला.

तासगावकर
धागाकर्त्याशी असहमत. तुमचा कंप्रेसर फसला तर विजेचं बिल वाढेल. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा चार-पाच अंशांवर असतो, एकेका चेंबरमध्ये कित्येक शेतकऱ्यांचं वर्षभराचं पीक. तिथे भाच्याचा प्रयोग चालणार नाही, जबाबदारी घेणारा माणूस लागतो. मात्र मोठं नाव म्हणजे कायमचं, असंही समजू नका. अशी यंत्रं नेटला जोडणारी आपली आयओटी कोअर सेवा गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये बंदच केली. म्हणून आमची एकच अट होती: इंटरनेट गेलं तरी चेंबरबाहेरचा भोंगा वाजलाच पाहिजे. मोबाइलवरचे आलेख नंतर.

सेकंडशिफ्ट
मी ऑपरेटर. इथे वीज आली, चिप आली, बेदाणा आला, मशिनीपुढचा माणूस काही आला नाही.

आमच्याकडे गेल्या वर्षी दर मशिनीवर हिरवा-पिवळा-लाल दिवा आणि साहेबांच्या केबिनमध्ये टीव्ही लागला. महिन्याभरात मला बोलावणं. रोज पन्नास मिनिटं 'आयडल'. त्यातली वीस मी टूलरूमच्या खिडकीशी इन्सर्टसाठी (टूलचं धारेचं टोक) उभा, दहा-बारा क्रेनची वाट बघत, बाकी जॉब बसवणं आणि मायक्रोमीटर लावणं. सीटीला करंट दिसतो, इन्सर्ट संपलाय ते दिसत नाही. साहेबांना मात्र लाल पट्टी दिसली.

मग पोरांनी तोड काढली. जॉब नसला तरी स्पिंडल रिकामा फिरवत ठेवायचा. दिवा हिरवा, साहेब खूश. बिल किती वाढलं ते साहेबांनाच विचारा. वीज वाचवायला आणलेली डबी आता वीज खाते.

लेथवाला
पुढच्या महिन्यात लेथांना चिमटे लावणार होतो, तुमचं वाचून थांबलो. आता आधी प्रत्येक लेथजवळ चार बटणं बसवतो: इन्सर्ट नाही, क्रेन नाही, जॉब नाही, मोजमाप. थांबण्याचं कारण ज्याचं त्याने दाबायचं. आणि पडदा शेडमध्येच लावतो, सगळ्यांना दिसेल असा. पण पॅकेजवाल्याला बोलावणार नाही, ते मत कायम. त्याची डबीही करंटच मोजते, वर भाडं घेते.

सेकंडशिफ्ट
पाचवं बटण लघवीचं ठेवू नका, एवढीच विनंती.

जुना_फोरमन
बटणांचं ठीक. त्या तीन जोडांना नव्या क्लिपा लावल्यात की जुन्याच आवळल्यात?

लेथवाला
जुन्याच.

जुना_फोरमन
मग पंधरा दिवसांनी आलेख बघा.