क्लस्टर ठेवावं की नुसत्या व्हीएमवर जावं? साखर कारखान्याचा वजनकाटा आणि फेलओव्हर

सांगलीकर

आमच्या सहकारी साखर कारखान्यात दोन सर्व्हरचं विंडोज फेलओव्हर क्लस्टर आहे, म्हणजे एक सर्व्हर (नोड) बंद पडला की काम दुसऱ्याने घ्यायचं. मागे सामाईक सॅन, म्हणजे दोघांचं मिळून एकच डिस्कचं कपाट. त्यावर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, आणि त्याच्या जिवावर वजनकाटे, शेती खात्याच्या नोंदी, पंधरवड्याची ऊसबिलं. सर्व्हर जुने झालेत, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) सुट्या भागांची हमी देत नाही. या ऑफ सीझनला सगळं बदलायचंय. संचालक मंडळापुढे प्रस्ताव मलाच ठेवायचाय, म्हणून आधी इथे मांडतो.

माझं मत ठरलंय: नव्या व्यवस्थेत क्लस्टर नको. तीन होस्ट, म्हणजे खरे सर्व्हर, घ्यायचे, त्यांवर आभासी यंत्रं चालवणारा हायपरव्हायझर टाकायचा आणि एसक्यूएलची एकच व्हीएम, म्हणजे आभासी यंत्र, करायची. होस्ट मेला तर हायपरव्हायझरची एचए (हाय अव्हेलेबिलिटी) ही सोय ती व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवेल.

कारण सांगतो. दोन हंगामांपूर्वी, जानेवारीत, रात्री अडीचच्या सुमारास चालू नोडचा मदरबोर्ड गेला. फोन आला तेव्हा मी निर्धास्त होतो, म्हटलं दुसरा नोड घेईल. त्याने डिस्क घेतली, आयपी घेतला, पण एसक्यूएलची सर्व्हिस काही सुरू होईना. चार महिन्यांपूर्वी सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला होता, तो एकाच नोडवर नोंदवला गेला. दुसऱ्यावर जुनाच. आणि त्या चार महिन्यांत क्लस्टरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं.

मी कारखान्यावर पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर हमरस्त्याला लागली होती. काट्याचा इंडिकेटर वजन दाखवत होता, पण पावती निघत नव्हती. काटा लिपिक वहीत कार्बन घालून गाडी नंबर, टोळी आणि वजन लिहीत होता, पान फाडून देत होता. बैलगाडीवाल्यांनी बैल सोडले होते आणि तिथेच घोंगडी पांघरून बसले होते. काटा सुरळीत व्हायला पहाटेचे साडेसहा वाजले. तोडलेला ऊस जितका थांबतो तितकं वजन घटतं, उताराही (उसातून निघणारी साखर) घटतो. वजन घटलं की शेतकऱ्याचं नुकसान, उतारा घटला की कारखान्याचं.

आमच्या संगणक खात्यात माणसं दोन. दोन विंडोज आणि दोन एसक्यूएल वर्षभर तंतोतंत सारखे ठेवणं आमच्याच्याने होत नाही. व्हीएम एकच असली तर पासवर्डही एकच. काल जी प्रत चालत होती, तीच दुसऱ्या लोखंडावर उठेल. मला एवढंच हवंय.

निशा_डीबीए

सांगलीकर, त्या रात्रीचा त्रास समजू शकते, पण निष्कर्ष चुकतोय. रीस्टार्ट म्हणजे फेलओव्हर नव्हे.

एचए काय बघतं? होस्ट जिवंत आहे का. सोय चालू केली असेल तर व्हीएममधल्या टूल्सचा हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा ठरावीक वेळाने येणारा इशारा, येतोय का, तेही. एसक्यूएल अडकून पडला आणि विंडोज मात्र ठणठणीत आहे, तर त्याच्या लेखी सगळं ठीक. क्लस्टर थेट एसक्यूएलला विचारतं, "बाबा, तू उत्तर देतोयस का?" हा फरक लहान नाही.

दुसरं, होस्ट मेल्यावर व्हीएम उठते ती वीज जाऊन आल्यासारखी. आधी विंडोज बूट होणार, मग एसक्यूएल, मग डेटाबेस रिकव्हरी. पंधरवड्याच्या बिलांचा मोठा व्यवहार अर्ध्यावर असेल तर तो मागे फिरवायला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. मी असा रोलबॅक तास तास बसून पाहिलाय, टक्केवारी हलता हलत नाही.

तिसरं म्हणजे पॅचिंग, दुरुस्तीच्या अपडेट टाकणं. दोन नोड असले की एक पॅच करायचा, त्यावर काम हलवायचं, मग दुसरा. एकच व्हीएम असेल तर रीबूट म्हणजे बंद.

आणि तुमचा पासवर्ड? तो दोष क्लस्टरचा नाही. महिन्यातून एकदा मुद्दाम फेलओव्हर करून पाहिला असता तर पहिल्याच महिन्यात सापडला असता.

सांगलीकर

निशाताई, पॅचिंगचा मुद्दा बँकेला लागू, आम्हाला नाही. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. उरलेल्या महिन्यांत सर्व्हर दिवसभर बंद ठेवला तरी गव्हाणीत ऊस नसतो.

वेळेचं म्हणाल तर काटा दहा मिनिटं थांबला तर चालतो. साखळी तुटली, गव्हाण तुंबली की तसाही थांबतो, वाहनवाल्यांना त्याची सवय आहे. चार तास चालत नाहीत. ९९.९९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षाला साधारण ५२ मिनिटं बंद. मला तेवढं पुरतं, पण ते खरंच मिळायला हवं.

महिन्यातून एकदा फेलओव्हर करून बघायचं हे बरोबर. पण ऐन हंगामात, चालू काट्यावर, तो करायची परवानगी मला कोण देणार?

जुनी_तार

मी हे काम १९९७ पासून पाहतोय. विंडोज एनटी ४ वर मायक्रोसॉफ्टचं पहिलं क्लस्टर आलं, वूल्फपॅक म्हणायचे त्याला, दोनच नोडचं. तेव्हा व्हर्च्युअलायझेशनचा पर्यायच नव्हता, व्हीएमवेअर कंपनीचं सर्व्हरसाठीचं ईएसएक्स हे हायपरव्हायझर २००१ ला आलं आणि एचए २००६ ला. त्यामुळे क्लस्टर ही सवय झाली. ती गरज आहे की नुसती सवय, हे प्रत्येकाने आपापलं तपासावं.

माझा सल्ला एवढाच की दोन्हींची खिचडी करू नका. व्हीएमच्या आत सामाईक डिस्कचं क्लस्टर करणारे खूप पाहिले. रात्री बॅकअपचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) निघतो, व्हीएम काही सेकंद थिजते. विंडोज २०१२ आर२ मध्ये एकाच सबनेटमध्ये (जाळ्याच्या एकाच भागात) पाच सेकंद हार्टबीट चुकला की नोड बाहेर काढला जायचा. २०१६ पासून ती मुदत दहा सेकंदांची झाली, म्हणजे ही अडचण त्यांनाही कळली होती. बरं, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) होता होता दोन्ही नोड एकाच होस्टवर जाऊन बसतात, कारण त्यांना वेगळं ठेवण्याचा नियम कुणी लावलेलाच नसतो. मग तो एक होस्ट गेला की दोन्ही गेले.

आणखी एक गैरसमज दूर करतो. लाइव्ह मायग्रेशन हा फेलओव्हर नाही. ते जिवंत होस्टवरून होतं. मेलेल्या होस्टच्या मेमरीतून काहीही हलवता येत नाही.

पेंग्विन_फोंडा

दोन्ही बाजू होस्टवर भांडत आहेत आणि सॅनबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. क्लस्टर असो वा एचए, दोन्हीच्या मागे तेच एक कपाट आहे. त्याचे कंट्रोलर दोन असले तरी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एकच. ते गेलं की तीन होस्ट काय आणि तीस काय.

तीन होस्ट घेताच आहात तर डिस्क त्यांच्यातच ठेवा आणि डेटाच्या प्रती होस्टांवर पसरवा. आमच्याकडे प्रॉक्समॉक्स हा हायपरव्हायझर आणि डेटाच्या प्रती पसरवणारं सेफ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हा आम्ही हललो. होस्ट गेल्यावर व्हीएम दुसरीकडे सुरू व्हायला साधारण दोन मिनिटं लागतात. वरचा वेळ विंडोज आणि एसक्यूएलचा.

पण दोन होस्टवर भागवू नका. दोघांमधली तार तुटली की दोघांनाही वाटतं, समोरचा मेला. दोघेही तीच व्हीएम उठवतात, दोघेही त्याच डिस्कवर लिहितात आणि डेटाबेसची माती होते. कोण जिवंत हे ठरवायला तिसरं मत हवंच. आणि ज्या होस्टबद्दल शंका आहे तो खरोखर बंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय दुसरीकडे काही उठता कामा नये. अडकलेला होस्ट आपोआप रीसेट करणारा वॉचडॉग त्यासाठीच असतो. कंटाळून तो बंद करून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

निशा_डीबीए

जुनी तार काका, तुमचे आक्षेप सामाईक डिस्कच्या क्लस्टरवर आहेत. मी ते सुचवतच नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप आहेत. प्रत्येक नोडची स्वतःची डिस्क, डेटाची स्वतःची प्रत. पेंग्विनचा सॅनचा मुद्दाही त्यात सुटतो. दोन व्हीएम, दोन वेगळे होस्ट, तिसरं मत एखाद्या फाइल शेअरचं. २०१६ पासून स्टँडर्ड एडिशनमध्येही बेसिक प्रकार मिळतो, एका ग्रुपमध्ये एक डेटाबेस, दोन प्रती. कारखान्याला तेवढा पुरे. दुसरी प्रत आधीच चालू असते, त्यामुळे बूटची वाट बघावी लागत नाही.

सांगलीकर

ताई, एक विचारतो. त्या दुसऱ्या प्रतीवर लॉगिन आणि रात्रीचे जॉब (ठरल्या वेळी चालणारी कामं) आपोआप जातात का?

निशा_डीबीए

डेटाबेसच्या आतलं जातं. लॉगिन आणि जॉब सर्व्हरच्या पातळीवर असतात, ते आपण न्यायचे. त्यासाठी स्क्रिप्ट असते. २०२२ च्या आवृत्तीत ते सोबत नेणारा प्रकारही आलाय.

सांगलीकर

मग तेच झालं ना! पासवर्डच्या जागी लॉगिन आलं. नवा काटा लिपिक रुजू झाला, त्याचं लॉगिन मी एका प्रतीवर बनवलं, दुसऱ्यावर राहिलं. पाच महिन्यांनी पहाटे फेलओव्हर अगदी व्यवस्थित होईल आणि तोच माणूस आत जाऊ शकणार नाही. स्क्रिप्ट चालली की नाही हे रोज बघणारा तिसरा माणूस माझ्याकडे नाही.

निशा_डीबीए

आणि तुमच्या एकाच व्हीएमचं विंडोज एखाद्या अपडेटने उठलंच नाही तर? मग होस्ट तीन असून काय उपयोग? तीच बिघडलेली प्रत तिन्ही ठिकाणी बूट होईल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. एचएने ती कितीही वेळा उठवली असती तरी पुन्हा निळाच पडदा.

जुनी_तार

त्या दिवशी दुसऱ्या नोडवरही तीच फाइल गेली होती, म्हणून क्लस्टरही वाचले नाहीत. पण ताईंचं मूळ म्हणणं बरोबर आहे. व्हीएमवेअरचं फॉल्ट टॉलरन्स दोन होस्टवर एकच व्हीएम जोडीने चालवतं, रीस्टार्टचीही गरज पडत नाही, तरी आतलं विंडोज कोसळलं तर दोन्हीकडे एकाच क्षणी कोसळतं. व्हर्च्युअलायझेशन लोखंडाच्या मरणावर औषध आहे, आतल्या आजारावर नाही.

सांगलीकर, तुमच्याकडे आजवर लोखंड किती वेळा गेलं आणि विंडोज वा एसक्यूएल किती वेळा बिघडलं?

सांगलीकर

काका, काल रात्री जुन्या लॉगबुकची पानं उलटली. माझ्या नऊ हंगामांत काटा चार वेळा तासाभराहून जास्त बंद पडला. दोनदा लोखंड, एकदा स्विच, एकदा आमच्या हातून डिस्क भरली. पासवर्डमुळे लांबलेली रात्र लोखंडाच्या दोनांत धरलीय. एसक्यूएल आपणहून अडकल्याची नोंद नाही.

चिटबॉयचा_मुलगा

मध्येच बोलतो. काट्यावरच्या पीसीलाच स्थानिक नोंद ठेवू दिली तर? सर्व्हर परत आला की पावत्या वर पाठवायच्या.

सांगलीकर

विचार केला होता. भरलेली गाडी एका काट्यावर तोलतात आणि रिकामी दुसऱ्यावर. वजाबाकीसाठी दुसऱ्या काट्याला पहिलं वजन लागतं. दोन्ही पीसी एकमेकांशी बोलले तर जमेल, पण तो सॉफ्टवेअरवाल्याचा विषय. त्याला पत्र लिहितो. सूचना चांगली आहे.

आता प्रस्ताव असा करतोय. तीन होस्ट, डिस्क त्यांच्यातच, एसक्यूएलची एकच व्हीएम. ताईंचा आक्षेप मान्य करून एक भर: डेटाबेसचा लॉग (बदलांची नोंद) दर पंधरा मिनिटांनी प्रशासकीय इमारतीतल्या वेगळ्या सर्व्हरवर जाईल. आपोआप फेलओव्हर नाही, पण विंडोज मेलं तर दुसरीकडे डेटा तयार. हंगामात व्हीएमला अपडेट बंद, आणि ती कारखान्याच्या जाळ्याबाहेर कुठेही उघडी नसेल.

निशा_डीबीए

तरी मी अव्हेलेबिलिटी ग्रुपच घेतला असता. लॉगच्या मार्गाने पंधरा मिनिटांच्या पावत्या जातील, त्या वहीतून पुन्हा भराव्या लागतील, हे मंडळाला लेखी सांगा. आणि चाचणी घ्याल तेव्हा रिकाम्या सर्व्हरची केबल ओढू नका. गेल्या हंगामाच्या डेटावर पंधरवड्याचं बिल चालू करा, ते अर्ध्यावर आलं की ओढा.

सांगलीकर

लिहून देतो. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दोन आठवडे आधी ओढतो, बिल चालू असतानाच. केबल काढल्यापासून पहिली पावती छापून येईपर्यंतची मिनिटं काटा लिपिक मोजेल. जो आकडा येईल तो इथे टाकतो.