यूएस टॅक्सचं काम करणारे कोणी आहेत का? ऐकून न घेणाऱ्या क्लायंटचं काय करता?

आकडेमोड

नमस्कार मंडळी. मी आधी एका फर्ममध्ये होते, एनरोल्ड एजंटच्या (आयआरएस, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडून मिळणारा परवाना) तिन्ही परीक्षा दिल्या आणि आता घरून स्वतःचं काम सुरू केलंय. क्लायंट बहुतेक ओळखीतले, म्हणजे मराठी मंडळातले, नवऱ्याच्या ऑफिसमधले, नाहीतर त्यांनी पुढे पाठवलेले. टॅक्सचं मला टेन्शन नाही, माणसांचं येतं. डब्ल्यू-२ चा (पगार आणि कापलेल्या कराचा फॉर्म) अर्धा कापलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ब्रोकरचा १०९९ (गुंतवणुकीच्या उत्पन्नाचा फॉर्म) मार्च संपताना येतो, आणि सगळं झाल्यावर "अहो एक सांगायचं राहिलं, मागच्या वर्षी घर भाड्याने दिलं होतं" असा मेसेज. हे तरी निभावून नेते. पण सध्या दोन प्रकरणांनी झोप उडवलीय.

एक, नवरा-बायको दोघांच्या चांगल्या नोकऱ्या, भारतात एनआरई एफडी (परदेशातली कमाई ठेवायच्या एनआरआय खात्यातल्या ठेवी) आहेत, रक्कम मोठी. मी फॉरेन अकाउंटचं विचारलं तर नवऱ्याने सरळ लिहून पाठवलं की मला माहितीये इथे दाखवावं लागतं, पण कोणी दाखवत नाही, भारतात ते टॅक्स फ्री आहे, तुम्ही फक्त टाकू नका. वर हे सगळं इतकं गोड बोलून, की नाही म्हणताना मीच काहीतरी वाईट वागतेय असं वाटतं. आमचं जाणं-येणं आहे त्यांच्याकडे.

दुसरा, रिटर्न तयार केला, ड्राफ्ट दाखवला, आता म्हणतो फी जास्त आहे, सॉफ्टवेअरवर मी स्वतःच केलं असतं. पैसे देत नाहीये आणि पीडीएफ मागतोय. ड्राफ्टवरचे आकडे बघून स्वतः फाइल करेल अशी मला खात्री वाटतेय. मी त्याचे कागद अडवून ठेवू शकते का?

तुम्ही लोक काय करता? स्पष्ट सांगा.

जुनी_वही

एफडीवाल्याचं आधी बोलते, कारण फीचे पैसे बुडाले तर एक सीझन वाईट जातो, इथे तुझा परवाना आहे.

त्याला फक्त एवढं सांग की रेसिडेंट झाल्यावर अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर कर घेते. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे हा भारताचा कायदा, इथे त्याचा काही उपयोग नाही. उलट तिकडे कर कापलाच जात नाही म्हणून इकडे फॉरेन टॅक्स क्रेडिट पण मिळत नाही, एनआरओवर (भारतातल्या कमाईचं एनआरआय खातं) टीडीएस कापला जातो तिथे निदान फॉर्म १११६ वर क्रेडिट घेता येतं. शिवाय शेड्यूल बी च्या शेवटी परदेशात खातं आहे का हा प्रश्न असतो, तिथे हो किंवा नाही लिहावं लागतं. खातं आहे हे माहीत असून तू "नाही" वर खूण केलीस तर ते राहून गेलं असं म्हणताच येणार नाही, ते खोटंच झालं. आणि सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा रिपोर्ट, तो आयआरएसकडे नाही, फिनसेनकडे (आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) जातो. जॉइंट रिटर्न आहे, दोघं इथेच राहतात, तर वर्षअखेर १ लाख डॉलरच्या वर किंवा वर्षात कधीही दीड लाख डॉलरच्या वर असेल तर परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ वेगळा. दोन्ही भरायचे, एक भरला म्हणून दुसरा सुटत नाही.

आता तुझ्यापुरतं. रिटर्नवर तुझा पीटीआयएन (रिटर्न तयार करणाऱ्याचा नंबर) जातो. सेक्शन ६६९४ खाली, जाणूनबुजून किंवा नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून कर कमी दाखवला तर प्रिपेअररला ५,००० डॉलर किंवा त्या रिटर्नमधून मिळालेल्या फीच्या ७५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. आणि तुझ्याकडे तर त्याने लिहून दिलंय! सर्क्युलर २३० चं (आयआरएससमोर काम करणाऱ्यांसाठीचे नियम) १०.२१ कलम परत एकदा वाच. क्लायंटने काही वगळलंय हे कळलं की ते चुकीचं आहे आणि त्याचे परिणाम काय, हे त्याला ताबडतोब सांगणं आपलं काम. आयआरएसला जाऊन सांगायचं बंधन आपल्यावर नाही, पण सही करायची नाही हे नक्की.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आता तो घाबरून म्हणेल की बरं, मागच्या वर्षांचं पण सरळ करून द्या. थांब तिथे. जुनं सरळ करायला स्ट्रीमलाइन्ड म्हणून मार्ग आहे, ३ वर्षांचे रिटर्न दुरुस्त, ६ वर्षांचे एफबार, आणि इथे राहणाऱ्यांना त्या मालमत्तेवर ५ टक्के दंड. पण त्यात फॉर्म १४६५४ वर शपथेवर लिहावं लागतं की हे जाणूनबुजून केलं नव्हतं. "मला माहितीये दाखवावं लागतं" असं ज्याने लिहिलंय त्याने ते प्रमाणपत्र कसं द्यायचं? हे वकिलाचं काम आहे. आपल्याशी बोललेल्याला सेक्शन ७५२५ खाली जे थोडंफार गुप्ततेचं संरक्षण आहे ते फौजदारी प्रकरणात लागू होत नाही, म्हणून तो तुझ्याकडे जितकं जास्त बोलेल तितकं त्याचंच नुकसान. फोनवर खोलात शिरू नकोस, टॅक्स अ‍ॅटर्नीकडे पाठव.

जाण्या-येण्याचं म्हणशील तर भीड भिकेची बहीण, आपल्या धंद्यात तर फारच. जे तुझ्याकडून खोटी सही मागतात ते नोटीस आली की "आम्ही तर तिच्यावर सोडलं होतं" असंच सांगतात, हे मी जवळून बघितलंय.

तिसरी_तिमाही

फीच्या प्रश्नाला उत्तर. त्याने दिलेले कागद, डब्ल्यू-२, १०९९, जुने रिटर्न, हे परत द्यावेच लागतात, पैसे दिलेले नसले तरी. सर्क्युलर २३०, कलम १०.२८. काही राज्यांत कागद अडवायची मुभा आहे पण तिथेही रिटर्नला जोडावे लागणारे कागद द्यावेच लागतात, त्यामुळे त्या फंदातच पडू नका. तुम्ही स्वतः तयार केलेला रिटर्न मात्र वेगळा, कराराप्रमाणे फी येईपर्यंत तो तुम्ही थांबवू शकता, हे त्याच कलमात लिहिलंय. पण "कराराप्रमाणे" हे लक्षात घ्या, एंगेजमेंट लेटर (क्लायंटबरोबरचा लेखी करार) आहे ना? नसेल तर वाद घालायला जागा राहते.

पुढच्या वेळी ड्राफ्टची पूर्ण प्रत पाठवूच नका. स्क्रीन शेअर करून दाखवा, आकडे समजावून सांगा, मग फी, मग फॉर्म ८८७९ (ई-फाइल करायची परवानगी) वर सही, मग ई-फाइल. मी अर्धी रक्कम सुरुवातीलाच घेतो आणि ओळखीच्यांकडून तर आवर्जून घेतो. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं वाटायचं, आता कोणी काही म्हणत नाही. जो आधी द्यायला कुरकुर करतो तो नंतरही करणारच होता.

आणि फी सांगताना फॉर्मप्रमाणे सांगा. "साधा रिटर्न आहे हो" म्हणून येतात आणि मग भारतातले म्युच्युअल फंड बाहेर पडतात, ते इथे पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी), प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१. हे काम निम्म्यात कळलं तर भांडण होणारच. पहिल्याच कॉलमध्ये विचारायचं, भारतात काय काय आहे, खाती, एफडी, फंड, पीपीएफ, आईवडिलांबरोबर जॉइंट खातं, सगळं नाव घेऊन विचारायचं. "फॉरेन अ‍ॅसेट्स आहेत का" असं विचारलं तर लोक नाही म्हणतात, कारण त्यांना ते फॉरेन वाटतच नाही, ते त्यांचं गावाकडचं बँकखातं असतं.

आकडेमोड

दोघांचे खूप आभार. एंगेजमेंट लेटर फीवाल्याचं आहे, सही पण आहे, बरं झालं. मी आज त्याला लिहिते.

अजून एक विचारू का, तो "मित्राला रिफंड आला मला का नाही" हा प्रकार कसा हाताळता? दर आठवड्याला कोणीतरी असतंच आणि प्रत्येकाला तासभर जातो. परवा एकाने तर मला विचारलं की तुम्ही नीट बघितलंत ना नक्की.

किनारपट्टी

याच्यावर मी बोलू शकते, माझे जवळजवळ सगळे क्लायंट टेक कंपन्यांतले आहेत.

रिफंडचं बोलणंच नको, एकूण कर दाखवायचा. मागच्या वर्षी एकूण कर एवढा, यंदा एवढा, कापला गेला एवढा. रिफंड म्हणजे वर्षभर जास्त कापलेले स्वतःचेच पैसे, हे तोंडी सांगून पटत नाही पण दोन वर्षं शेजारी शेजारी मांडली की बघताक्षणी पटतं. दुसरं म्हणजे आरएसयू, कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर. ते व्हेस्ट होताना, म्हणजे प्रत्यक्ष हातात येताना, कंपनी १० लाख डॉलरपर्यंत सरसकट २२ टक्के कापते, आणि हे लोक असतात ३२ नाहीतर ३५ च्या टप्प्यात, मग एप्रिलमध्ये भरावे लागतातच. तो फरक कागदावर काढून दाखवला की राग तुमच्यावर राहत नाही. डिसेंबरच्या आधी पेरोलला जाऊन डब्ल्यू-४ (किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) बदलायला सांगायचं, म्हणजे पुढच्या वर्षी तोच माणूस तेच भांडण घेऊन येत नाही.

आरएसयूमध्येच अजून एक आहे, ब्रोकरच्या १०९९-बी वर कॉस्ट बेसिस (कर मोजताना धरायची खरेदी किंमत) कमी नाहीतर चक्क शून्य असतो, आणि व्हेस्टचं उत्पन्न डब्ल्यू-२ मध्ये आधीच आलेलं असतं. सप्लिमेंटल स्टेटमेंट मागवून फॉर्म ८९४९ वर दुरुस्त केलं नाही तर दोनदा कर. हे ज्यांनी स्वतः सॉफ्टवेअरवर केलंय त्यांचे जुने रिटर्न बघितले तर बऱ्याचदा पैसे परत मिळतात. हे एकदा करून दिलं ना, की फीवरून कोणी बोलत नाही.

परदेशी_पत्ता

वर सगळं बरोबर आहे पण मला थोडं वेगळं सांगायचंय. एफडी लपवणारा एक असतो आणि ज्यांना खरंच माहीत नाही असे बरेच असतात, दोघांना एकाच मापाने मोजू नका. मुलं एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) येतात, पहिली ५ कॅलेंडर वर्षं रेसिडेंट ठरवताना त्यांचे दिवस मोजले जात नाहीत, नॉनरेसिडेंट म्हणून १०४०-एनआर भरतात, आणि तेव्हा भारतातलं व्याज दाखवायचं नसतं हे बरोबरच असतं. मग एच-१बी होतो, रेसिडेंट होतात, नियम बदलतो, आणि हे त्यांना कोणी सांगतच नाही! दहा वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी कळतं आणि धाबं दणाणतं. अशा माणसावर तुम्ही पहिल्याच फोनला दंडाचे आकडे फेकलेत तर तो फोन ठेवून देईल आणि असा कोणीतरी शोधेल जो काहीच विचारत नाही. मी त्यांना आधी सांगतो की यातून बाहेर यायला मार्ग आहे, आणि मगच कागद मागतो. बरेच जण खरंच रडकुंडीला आलेले असतात हो.

आणि कागद मागताना भारतातल्या बँकेचं एप्रिल ते मार्चचं व्याज प्रमाणपत्र घेऊ नका, ते इथे चालत नाही, जानेवारी ते डिसेंबरचं स्टेटमेंट मागवा. यावरून निम्मा सीझन जातो म्हणून डिसेंबरमध्येच सगळ्यांना मेल टाकून ठेवतो.

जुनी_वही

परदेशी_पत्ता, पूर्ण सहमत. न कळलेल्या माणसासाठीच तो स्ट्रीमलाइन्डचा मार्ग आहे. आणि ज्याने व्याज दाखवलंय पण एफबारच राहिलाय, त्याला तर उशिराचा एफबार कारण लिहून भरता येतो, बहुतेक वेळा दंडाशिवाय सुटतो. एफबारच्या दंडाचं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या बिटनर निकालाने स्पष्ट झालंय, जाणूनबुजून नसेल तर दंड प्रत्येक रिपोर्टमागे, प्रत्येक खात्यामागे नाही. हे क्लायंटला सांगितलं की त्याच्या जिवात जीव येतो. आकडेमोडचा क्लायंट मात्र त्यातला नाही.

चौकट_बाहेर

माझी डोकेदुखी वेगळीच, नातेवाईक. मुलाचा रिटर्न मी करतो आणि त्याचे वडील फोन करून विचारतात किती पगार आहे, रिफंड किती आला. वयाने मोठे, मान ठेवून बोलावं लागतं, पण सेक्शन ७२१६ प्रमाणे क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय माहिती देणं हा फौजदारी गुन्हा आहे. "काका, कायद्याने मला सांगता येत नाही, त्यालाच विचारा" एवढंच म्हणतो. पहिल्यांदा रुसले, आता नाही विचारत.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एसएसएनचे (सोशल सिक्युरिटी नंबर) फोटो घेणं आजपासून बंद करा ताई. तुमच्या फोनमध्ये किती जणांचे एसएसएन पडलेत बघा. आपल्याला लेखी सिक्युरिटी प्लॅन ठेवावा लागतो, एकट्याने काम करत असाल तरी. पोर्टल घ्या, आणि कागद द्यायची शेवटची तारीख ठेवा, त्यानंतर आलेल्याला एक्स्टेंशन. फक्त हे ठासून सांगा की फॉर्म ४८६८ ने, म्हणजे एक्स्टेंशनच्या अर्जाने, रिटर्नला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, पैशाला नाही. पैसे १५ एप्रिललाच. वेळेत न भरलेल्या रिटर्नवर महिन्याला ५ टक्के आणि न भरलेल्या करावर अर्धा टक्का, त्यामुळे पैसे नसले तरी एक्स्टेंशन टाकाच.

आकडेमोड

पोर्टल या आठवड्यात घेते, खरंच धन्यवाद सगळ्यांना. एफडीवाल्यांना काम सोडतेय असा मेल लिहायला बसलेय. किती सविस्तर लिहू? आणि नवऱ्यालाच पाठवू ना, बोलणं त्याच्याशीच झालंय सगळं.

जुनी_वही

नाही, दोघांना पाठव. जॉइंट रिटर्न आहे, ८८७९ वर दोघांच्या सह्या लागतात आणि करासाठी दोघंही जबाबदार. तिला त्या एफडीचं माहीत आहे की नाही हे आपल्याला कुठे ठाऊक आहे, आणि तीही तुझी तितकीच क्लायंट आहे.

मेल छोटा ठेव. परदेशी खाती आणि त्यावरचं व्याज दाखवणं बंधनकारक आहे, न दाखवल्यास दंड होऊ शकतो, त्याशिवाय मी रिटर्नवर सही करू शकत नाही, या विषयातल्या टॅक्स अ‍ॅटर्नीचा सल्ला घ्यावा. १५ एप्रिलची तारीख आणि एक्स्टेंशनचं ठळक लिही, म्हणजे तुझ्यामुळे मुदत चुकली असं कोणी म्हणणार नाही. त्यांचे सगळे कागद त्याच मेलमधून परत केले असंही लिही. त्याने काय मेसेज केला होता ते मेलमध्ये उगाळू नकोस, पण तो मेसेज डिलीट अजिबात करू नकोस. आणि आजच पाठव, अजून वेळ आहे तोवर त्यांना दुसरं कोणी मिळेल.

आकडेमोड

पाठवला. दोघांना.