मदत हवी आहे: रेवदंड्याच्या वाडीतल्या दगडावरचं कुलचिन्ह कोणाचं?

नमस्कार. माझं आजोळ रेवदंड्याचं. मामाची नारळी-पोफळीची वाडी किल्ल्याच्या तटाच्या आतच आहे. विहिरीपाशी धुणं धुवायचा एक काळा दगड होता, आईला आठवतं तेव्हापासून तो तिथेच. यंदा विहिरीभोवती कोबा करायचा म्हणून मामाने तो पहारीने उलटवला, तर खालच्या अंगाला कोरीव काम! वर ढाल, खाली अक्षरं. इतकी वर्षं मातीकडे तोंड करून होता म्हणून ते वाचलं.

दगड साधारण पावणेतीन फूट लांब, दोन फूट रुंद. एक बाजू तुटलेली आहे. सुरुवातीला नुसतं कोरलेलं काहीतरी आहे एवढंच कळत होतं. मग मामीने चाळणीतून त्यावर रांगोळी भुरभुरली आणि हाताने अलगद पुसली. खाचांत पांढरं राहिलं आणि ढाल एकदम उठून दिसली. रात्री बॅटरी आडवी धरून पाहिलं तेव्हा आणखी बारकावे कळले.

ढालीचे चार भाग आहेत. समोरासमोरच्या तिरक्या दोन भागांत सारखंच चिन्ह. डाव्या वरच्या आणि उजव्या खालच्या भागात पाच छोट्या ढाली, फुलीसारख्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीत ठिपके. एका ढालीत पाचही ठिपके धड आहेत, बाकीच्यांत झिजलेत. भोवती किनार, तिच्यात एक बुरूज स्पष्ट, बाकी नुसते उंचवटे. उरलेल्या दोन भागांत चार-चार चंद्रकोरी, टोकं एकमेकींकडे केलेल्या.

शेजारचे काका म्हणाले, चंद्रकोर आहे म्हणजे निजामशाहीतला दगड. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं खालचं चौल, पण शेजारचं वरचं चौल निजामशाहीकडे होतंच, त्यामुळे मलाही ते पटलं होतं. पण पाच ढाली आणि बुरुजांची किनार हे पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह. पोर्तुगीज सरदार घराण्यांच्या चिन्हांत शोधलं तेव्हा चार चंद्रकोरी सूझा घराण्याच्या निघाल्या. आपल्याकडचे डिसोझा ते हेच नाव. (बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं आडनाव घ्यायची पद्धत होती, त्यामुळे आजच्या डिसोझांचा या घराण्याशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. वसईच्या मित्रांनी राग मानू नये.)

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगतो. पाच ढालींच्या भागावरून एक तिरकी रेघ जाते, उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यात. आधी वाटलं पहार लागली. पण तशीच रेघ, त्याच दिशेने, दुसऱ्या भागातही आहे. म्हणजे ती मुद्दाम कोरलेली. राजाच्या लग्नाबाहेरच्या मुलाच्या वंशाने राजचिन्ह वापरायचं तर त्यावर अशी रेघ ओढत. सूझांची एक शाखा तेराव्या शतकातल्या तिसऱ्या अफोन्सो राजाच्या अशाच मुलापासून चालत आली. आरोंशिशचे सूझा म्हणतात ते हे. दुसऱ्या शाखेच्या ढालीत चंद्रकोरींच्या जागी सिंह असतो. म्हणून मी आरोंशिशपर्यंत पोचलोय. पण मी शिकाऊ आहे, चुकत असेन तर जरूर सांगा.

खालची अक्षरं रोमन आहेत, 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला. पहिल्या ओळीत 'सेपुल्तुरा' वाचता येतं, म्हणजे कबर. दुसऱ्या ओळीत एक 'डी', त्याच्या डोक्यावर बारीक 'ओ', मग 'द सो' आणि तिथे दगड तुटलाय. तिसऱ्या ओळीत 'सेउस एर्देइ' एवढंच. हे 'आणि त्याच्या वारसांची' या ठरावीक वाक्यातलं असावं. जुन्या गोव्याच्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये फरशीभर अशी कुलचिन्हं कोरलेल्या कबरी आहेत, तो नमुना डोळ्यांसमोर आहे. साल असलंच तर तुटलेल्या तुकड्यावर गेलं. रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, दगड त्याआधीचा, इतकंच मी ठामपणे सांगू शकतो.

मला हवंय ते असं. ढाल आरोंशिशच्या सूझांचीच का, हे जाणकारांनी पाहून सांगावं. 'डी'वर बारीक 'ओ' हा कोणत्या नावाचा संक्षेप, दियोगो की आणखी काही? चौलला राहिलेल्या सूझांची यादी कुठे पाहायला मिळेल? आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं तर अर्ज कोणाच्या नावे करायचा? दगड घरात ठेवून घ्यायची आमची अजिबात इच्छा नाही.

खाडीपलीकडच्या कोर्लईत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, म्हणून तिथल्या एका ताईंना अक्षरं दाखवली. त्या म्हणाल्या, "आमची भाषा तोंडातली रे, दगडावरची नाही." पण कबरेचा दगड आहे म्हटल्यावर त्यांनी क्रूसाची खूण केली. त्या दिवसापासून मामीला चैन नाही. माणसाच्या उशाशी आपण चाळीस वर्षं कपडे आपटले, त्याचं नाव तरी कळू दे, म्हणते.

दगड सध्या पडवीत गोणपाटावर उताणा ठेवलाय, उन्हापावसापासून लांब. दिवसाउजेडी काढलेले फोटो सपाट येतात, काही दिसत नाही. आज रात्री बॅटरी डावीकडून आणि मग वरून धरून काढतो आणि इथेच टाकतो. आणखी कुठला कोन हवा असेल तर आठच्या आत सांगा.